दाराचं कडवं

प्रिय आत्ये,

सगळं बदललं ते तू थेटरात उभी राहिलीस त्या क्षणी. त्याआधीचा हितेश वेगळा, नंतरचा वेगळा. तू म्हणशील, तापट दोघंही सारखेच. ते खरंच आहे. पण नंतरच्याला झोप लागत नव्हती, आणि त्याला कारण तूच होतीस!

आज सायलेन्सरचा दुसरा भाग लागतोय. पहिल्या शोचं तिकीट माझ्या खिशात आहे. पोरं मघाशीच दारात हॉर्न मारून भिवंडीकडे गेली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मग शर्टाला इस्त्री केली आणि हे लिहायला बसलो. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ लिहितोय आणि मोठ्यानं वाचतोय. आई स्वयंपाकघरातून एकदा डोकावून गेली. पोरगा आत्याच्या फोटोशी भांडतोय म्हटल्यावर बोलणार तरी काय?

काल दर्शनाचा निरोप आला. तिच्या आवाजात, मोबाइलवर. त्यासाठीच तर लिहितोय. पण ते शेवटी सांगतो. आधी तुझ्याशी नीट भांडायचंय.

आठवतं का गं, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं? भिवंडीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता सगळं दिसेल, काळा चष्मा सोडा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तू दुकानांच्या पाट्यांकडे अशी बघत होतीस, जशी त्या आजच कुणी लावल्यात. मग माझा हात धरून म्हणालीस, "हित्या, या नव्या डोल्यानी मना कायतरी मोठा दाखव."

आता भिवंडीत मोठं म्हणजे काय? एक तर गोडाऊन, नाहीतर थेटरचा पडदा. गोडाऊन मी रोज बघतो, आठ तास पार्सलं स्कॅन करत. म्हणून तुला थेटरात नेलं. शुक्रवार होता. लूमच्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे सगळं थेटर कारागिरांनी भरलेलं. त्या पिक्चरचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आपल्याकडे सगळे नुसतं सायलेन्सर म्हणायचे.

तू पडद्याशी बोलत होतीस सबंध वेळ! परदेशातलं कुठलं तरी मोठं युद्ध, शहरावर बॉम्ब पडतायत, आणि तो टॉमस तळहात उघडून स्फोटाचा सगळा आवाज, सगळा धक्का आपल्या छातीत ओढून घेतोय. इमारती वाचतात, पोरंबाळं वाचतात. पण आत घेतलेलं बाहेर टाकायची सोय नाही. तोंड उघडलं तर सगळे बॉम्ब एकदम फुटायचे, म्हणून बिचारा मुका. लोक शिट्ट्या मारत होते आणि तू माझ्या कानाशी, "आरं, त्याला कोन पानी तरी द्या!" अँब्युलन्स चालवणाऱ्या क्लाराला तू ‘गारीवाली’ म्हणायचीस. ती गाडी घेऊन आगीत घुसली तेव्हा टाळ्या वाजवणारी पहिली बाई तू.

आणि मग तो शेवट. युद्ध संपलंय. बर्फ पडतोय. टॉमस चालत चालत क्लाराच्या घरापाशी येतो. खिडकीत दिवा आहे, आत ती जेवणाची दोन ताटं मांडतेय. तो दार वाजवायला हात उचलतो. हात तसाच राहतो. छातीतलं काही बाहेर पडलं तर ती मरेल, ही भीती त्याच्या डोळ्यांत दिसते. हात खाली येतो आणि तो वळतो.

थेटरात चिप्सच्या पाकिटाचासुद्धा आवाज नाही. आणि तू पदर खोचून उभी!

"आरं मुरद्या, दारान आयलास नि भायेरच्या भायेर कुठं चाललास? आतमंदी जा ना!"

त्यानंतर पिक्चर कुणी बघितला? अर्धे लोक हसत होते, अर्धे तुझ्या बाजूनं ओरडत होते. "अंदर जा भाई, अम्मा बोल रही है!" मी लाजेनं तुझा पदर ओढत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली. तिच्या गालावर पाणी होतं आणि ती हसत होती. दोन्ही एकदम. असं कुणी करतं का, आत्ये? मी तिथेच कामातून गेलो.

बाहेर आल्यावर मी नेहमीसारखा मोबाइल काढला. कॉलेज सोडल्यापासून एवढंच एक काम मी मनापासून करत होतो. पिक्चर सुटला की दारात उभं राहून लोकांना विचारायचं, कसा वाटला, आणि ते ‘पडद्याबाहेर’ या माझ्या चॅनलवर टाकायचं. बाबा म्हणायचे, दुसऱ्यांची मतं गोळा करण्यापेक्षा पदवी गोळा केली असतीस तर! तू मात्र त्या दिवशी माझ्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस, जणू चॅनल तुझंच.

ते लूमवाले चाचा आठवतात? दाढीला मेंदी लावलेले?

"बेटा, इस आदमी को हमारे कारखाने में खड़ा कर दो. दिन भर की खटखट पी जाएगा, तो घर जाके बीवी की आवाज़ तो सुनाई देगी."

तू लगेच विचारलंस, "बीवी काय बोलते ता ऐकशील का पन?"

"अम्मा, यही तो मुसीबत है! फिर ना सुनने का बहाना चला जाएगा."

त्यानंतर तो चष्मेवाला कॉलेजचा पोरगा. छाती पुढे काढून म्हणाला, "हा त्याग आहे. त्याग केला म्हणून तो हिरो!" तू त्याच्याकडे असं बघितलंस की त्याचा चष्माच घसरला.

"त्याग? आन् तिला इचारला का त्यानं? ती ताट मांडून बसलेय."

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलल्या." तीच होती. दर्शना! पुढे येऊन तुझ्या पाया पडली. "तुम्ही धवलारीण ना? माझ्या ताईच्या लग्नात आलेलात, वळ गावाला."

आणि तू? आपल्या आगरी लग्नांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. कुळाच्या देवांना, गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलावते आणि नवरा-नवरीची नावं धवल्याच्या गाण्यात गुंफून लग्न लावते. अशी कितीक लग्नं तू लावलीस! एवढी नावं डोक्यात कशी राहायची तुझ्या? तू तिच्या ताईचं नाव सांगितलंस, जावयाचं सांगितलंस, त्यांच्या कुळाचा देव सांगितलास. आणि वर म्हणालीस, "तू तवा एवरीशी व्हतीस. नाक वाह्यचा तुजा. हलदीचे ताटान जाऊन बसलेलीस, उठतच नव्हतीस!"

दर्शनाचं तोंड लाल झालं. मी हसलो. मग तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. नव्या डोळ्यानं! नुसतं बघितलंस, पण त्या दिवसापासून माझं काहीच तुझ्यापासून लपलं नाही.

परत येताना बाइकवर मी विचारलं, एवढं ओरडायचं काय होतं? पिक्चरच तो. पडघ्याच्या वळणावर ट्रकांच्या मागे थांबलो तेव्हा म्हणालीस, "तुजा मामा पन असाच आयलेला. मोरीवर उबा व्हता. लोकांनी बघितला. मी आत भाकरी करीत व्हते." बस, एवढंच. मामा, म्हणजे तुझा नवरा, भांडून घर सोडून गेला हे मला माहीत होतं. तो एकदा परत आला होता, गल्लीच्या तोंडाशी, मोरीच्या पुलावर उभा राहून तसाच फिरला होता, हे त्या दिवशी कळलं. मागून तुझा हात माझ्या खांद्यावर होता. तू तो काढला नाहीस, आणि मी घरापर्यंत गाडी हळू चालवली. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझी ती आरोळी कुणीतरी थेटरात मोबाइलवर घेतलेली. सगळ्यांच्या मोबाइलवर काय फिरली ती! कुठल्याही पिक्चरातला हिरो दाराशी थांबला की लोक त्या व्हिडिओवर तुझा आवाज लावायचे. "आतमंदी जा ना!" माझ्या चॅनलवर तर दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, टॉमस महान, त्यानं क्लाराला वाचवलं. दुसऱ्याचं म्हणणं, टॉमस भित्रा, आत्या जिंदाबाद. तुझ्या पक्षाचा सेनापती मी! टॉमसला भित्रा, पळपुटा, काय काय म्हटलं मी! ज्यानं त्याची बाजू घेतली त्याच्याशी भांडलो. गोडाऊनला जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून भांडलो.

मग लोक मागे लागले, आत्याबाईंनी शेवट बदलावा. मी येऊन तुला सांगितलं. तू चहाचा कप खाली ठेवलास. "बदलते." ओटीवर भिंतीला टेकून बसलीस, डोळे मिटलेस आणि गायला लागलीस.

दारी आयला गो नवरा, बर्फाचे वाटनं,
कुनी उघरा गो कवार, हलद सुकते ताटानं...

मी मोबाइल धरून उभा होतो. खरं सांगू? शब्द ऐकलेच नाहीत. लहानपणापासून मांडवात तुझा आवाज ऐकतोय, पण आम्ही पोरं धवल्याचे शब्द ऐकतो कुठे? आमचं लक्ष डीजे कधी चालू होतो त्याकडे. तू मधेच थांबलीस तेव्हा मी विचारलं, संपलं? तू म्हणालीस, "न्हाय. दाराचा कडवा दारान गातात. नवरा उंबऱ्यावर उबा र्‍हायल्याबिगर ता गाता येत न्हाय." मी म्हटलं, बरं. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहून चॅनलवर टाकलं: सायलेन्सर आणि क्लाराचं लग्न, आत्याच्या आवाजात!

संध्याकाळी उरणकडच्या एका बाईनं खाली लिहिलं, "पोरा, गाना छान हाय. पन यान नवऱ्याचा नाव हितेश कसा? आन् वलची दर्शना कोन?"

आत्ये! मी जिन्यावरून पडता पडता तुझ्यापर्यंत आलो. तू तांदूळ निवडत होतीस.

"हे काय केलंस?"

"काय केला?"

"नावं! माझं नाव घातलंस!"

"नाव न्हाय घातला तं धवला व्हत न्हाय."

"मग टॉमसचं घालायचं ना!"

तू तांदळातला खडा उचलून बाजूला टाकलास. "त्याचा देव कोनता? कुल कोनता? म्हाईत हाय तुला? ज्याचा देव म्हाईत न्हाय त्याचा लगीन मी कसा लावू? तुजा म्हाईत हाय. तिचे ताईचे लगनान मी गायलेय, तिचा पन म्हाईत हाय."

मी ओरडलो, काढून टाकतो! तू म्हणालीस, "काढ. गायलेला कुठून काढशील?"

मी काढलं. पण तोवर वळपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी दर्शनाचा मेसेज आला. एकच ओळ. "तुमच्या आत्याच म्हणाल्या होत्या ना, तिला विचारलं का?"

लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी पाठवलं, "आता विचारलं तर चालेल का?" तिनं हसणारं तोंड पाठवलं. आणि मग आम्ही बोलायला लागलो. दुसरं काही नाही गं, नुसतं पिक्चरवर! ती टॉमसच्या बाजूची निघाली. तिचं म्हणणं, तो भित्रा नव्हता, दमला होता. सगळ्यांचे आवाज आत घेऊन घेऊन दमला होता आणि त्याला कुणी बस म्हटलं नाही. मी तिच्याशीसुद्धा भांडलो. आवडणाऱ्या मुलीशी कोण भांडतं असं? ती म्हणायची, "हितेश, तुमच्यात आणि टॉमसमध्ये एकच फरक. त्याचे बॉम्ब आत असतात, तुमचे बाहेर."

आणि ते खरंच ठरलं. त्याच आठवड्यात. कुणा प्रथमेशनं तुझ्या आरोळीखाली लिहिलेलं, "असल्या बायकांमुळे आपल्याला लोक गावठी म्हणतात. कुणाच्या घरातल्या मुलीचं नाव जगभर करायला लाज नाही वाटत?" मी दुसरं वाक्य वाचलंच नाही. पहिल्यावरच डोकं फिरलं. तुला गावठी म्हणतो? तो वळच्या एका गोडाऊनला सुपरवायझर आहे एवढं शोधलं आणि तसाच बाइक काढून गेलो. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तो उभा होता. नाव विचारलं आणि मारलं. त्याच्या नाकातून रक्त आलं, चहा शर्टावर सांडला. खाली बसून नाक धरून तो काय म्हणाला माहीत आहे? तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. म्हणाला, "शाब्बास नवरदेव! मेव्हण्याला पहिलाच आहेर भारी दिलास."

तिचा भाऊ!

घरी येऊन मी दार आपटलं. नेहमीसारखंच. कॉलेजला दुसऱ्या वर्षाला असताना सरांच्या केबिनचं दार आपटून निघालो तो परत गेलो नाही. आपल्या दाराची वरची बिजागरी तर माझ्यामुळेच निखळलेली. पण त्या दिवशी तू नेहमीसारखं "दारानं काय केलाय तुजा?" असंही म्हटलं नाहीस. उठलीस, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडलीस, घडी घातलीस आणि चौकटीला खिळ्यांनी ठोकून बसवलीस. आता आपट हवं तेवढं. आवाज येणार नाही. माझ्याशी न बोलता तू किती बोलायचीस गं!

मग एका सकाळी तू चांगली साडी नेसून एकटीच रिक्षात बसलीस. संध्याकाळी आलीस. आईनं विचारलं, कुठं गेलेलात? तू म्हणालीस, "हलदीला." लग्नाचे दिवस नव्हते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि थंडी पडायला लागली तशी तू गेलीस. झोपेत. कुणाला हाक नाही, कुणाला निरोप नाही. ही काय रीत झाली? दुनियाभरच्या माणसांना नावानं बोलावणारी तू, जाताना एक नाव घेतलं नाहीस! आणि तो नवा डोळा? किती थोडं दाखवलंस त्याला! मला वाटलेलं, दुसरा भाग आला की तुला मधल्या रांगेत बसवीन, सगळं थेटर तू कधी उठतेस याची वाट बघेल.

तुझी बातमी मी चॅनलवर टाकली. टॉमसवाले, आत्यावाले, सगळे एका जागी आले. लूमवाले चाचा तर शोधत घरी आले. ओटीवर बसले, चहा घेतला नाही, नुसते म्हणाले, "अम्मा चली गई, अब कौन डाँटेगा पर्देवालों को?" तुझ्या आरोळीखाली अजून कोण कोण लिहितं. एकानं लिहिलेलं, तुमचं ऐकून मी बाबांच्या घरी गेलो, बऱ्याच वर्षांनी. मला हेवा वाटला त्याचा.

कारण तुझ्या दहाव्याला काय झालं ते तुला माहीत नाही. प्रथमेश आला होता. अंगणाबाहेर बाइक लावून उभा राहिला. हातात नारळ होता. मी ओटीवरून बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. एक हाक मारायची होती फक्त. आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं. पट्टीमुळे आवाज आला नाही, पण त्याला दिसलं असणारच. नंतर उघडलं तर नारळ उंबऱ्यावर होता, तो नव्हता.

त्यानंतर मी वळला गेलो. एकदा नाही, दोनदा. प्रथमेशची ड्युटी असते ते दिवस बघून. त्यांच्या घराच्या समोर, आंब्याखाली बाइक बंद केली. दार उघडं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. वाटलं, आत गेलो आणि कुणी तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोललं तर? मी पुन्हा फुटलो तर? आणि या वेळी तिच्यासमोर? दोन्ही वेळा वळलो, गाडीला किक मारली.

रस्त्यात उमगलं मला, आत्ये. ज्याला मी भर चौकात पळपुटा म्हटलं, त्याच्यासारखाच मी निघालो होतो. फरक एवढाच की तो शहर वाचवून आला होता आणि मी एका सुपरवायझरचं नाक फोडून!

त्या दिवसापासून मला टॉमसचं वाईट वाटायला लागलं. आता कुणी त्याला शिव्या दिल्या की मी उत्तर देत नाही. दुसऱ्या भागाची झलक आली, त्यात तेच दार आहे, तोच बर्फ, आणि दार आतून उघडतं. बस, तिथेच कापलंय. पोरं विचारतात, सांग ना, तो आत जाणार का? आत्या काय म्हणाली असती? मी काय सांगू? तुझ्याशिवाय मला कुठलंच मत येत नाही.

आता तो निरोप. किती वेळा ऐकला मी! आताही लावतो, तूही ऐक. आधी दर्शनाचा श्वास ऐकू येतो. मग ती गाते. तुझाच धवला, तुझ्याच चालीवर, तुझ्यासारखाच हेल काढून. नावांच्या जागी नावं आहेत, एकही गाळलेलं नाही. आणि तू थांबलेलीस तिथेच ती थांबते. मग बोलते.

"पुढचं कडवं आत्यांनी मला शिकवलंय. त्या आल्या होत्या आमच्याकडे. प्रथमेशच्या नाकाला स्वतः हळद लावली, त्याला म्हणाल्या, माज्या पोराचा हात वाईट हाय, मन न्हाय. आजीशी बोलत बसल्या, आणि जाताना मला मागच्या पडवीत नेऊन ते कडवं पाठ करून घेतलं. आता ते फक्त मला येतं. पण ते इथे गाणार नाही. दारातच गायचं असतं." आणि मग, "मी तुम्हाला बोलवणार नाही, हितेश. क्लाराला माहीतच नव्हतं की तो बाहेर उभा आहे. मला माहीत असतं. तुमच्या बाइकचा आवाज आख्ख्या वळला ओळखू येतो. दोनदा आला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला तर मी ते कडवं विसरायला लागेन."

हळदीला गेले होते म्हणे! खोटंही बोलली नाहीस, लबाडे!

किती आठवण येते गं तुझी. ओटीवरून जाताना अजून वाटतं, तू तांदूळ घेऊन बसली असशील आणि नाव घेऊन हाक मारशील. आख्ख्या घरात माझं नाव तुझ्यासारखं कुणीच घेत नाही. म्हणूनच ते गाण्यात घालून ठेवलंस का? मागं कुणीतरी घ्यावं म्हणून?

आज शुक्रवार. प्रथमेशची सुट्टी असते. म्हणून तर इतके शुक्रवार मी वळकडे फिरकलो नाही. आज तो घरी आहे, म्हणून आजच जातोय. दार बहुतेक तोच उघडेल. पहिल्यांदा त्याच्याशीच बोलायचंय. तू ज्या नाकाला हळद लावून आलीस, त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. तिकीट टेबलावर ठेवलंय, बाबांना हवं तर जातील. ते म्हणतील, बघतो कसा आहे, आणि मग रात्रभर टॉमसवर बोलतील, बघ तू!

एक नारळ घेतलाय. दर्शना ते कडवं गाईल की मला बघून हसेल, प्रथमेश आत घेईल की दार लावून घेईल, मला माहीत नाही. स्वतःच्याच दारात नवरीनं धवला गायचा म्हणजे वळची माणसंही हसतील. हसू देत. भीती वाटतेय, आत्ये.

पण तुला शब्द देतो. तो काय म्हणेल ते मी ऐकेन. छातीत कोंबून ठेवणार नाही आणि अंगावरही फेकणार नाही. तो बोलेल, मग मी बोलेन, माणसं बोलतात तसं. दार लावून घेतलंच त्यानं, तर तिथेच बसेन, पुन्हा उघडेपर्यंत. त्या उंबऱ्यावरून मी परत फिरणार नाही. मामासारखा नाही, टॉमससारखा नाही.

तुझी ती हिरवी पट्टी मघाशी चौकटीवरून काढली. खिळे जपून काढले, फाटू दिली नाही. घडी करून खिशात ठेवलीय. आता दाराला काहीच आडवं नाही. आपटलं तर पूर्वीसारखं साऱ्या गावाला ऐकू जाईल.

तर कान देऊन ऐक. हा उठलो. चपला घातल्या. बाहेर आलो. दार ओढून घेतोय.

आवाज आला नाही, की समज, मी निघालो.

तू गाण्यात बांधून ठेवलेला,
हित्या